प्रेमचंद रायचंद आणि पहिल्या नफ्याची भूल

बँकेच्या ट्रेनिंगसाठी मी पहिल्यांदा मुंबईला गेलो तो १९८४ साली. आमच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, घड्याळाचा टॉवर म्हणजे शहागंजचा, एवढेच मला ठाऊक होते. त्यामुळे संध्याकाळी फोर्टात हिंडताना राजाबाई टॉवर समोर आला तेव्हा मान वर करून मी बघतच राहिलो. बरोबर एक वयाने मोठे सहकारी होते. त्यांनी सहज सांगितले की हा टॉवर ज्या शेठजींच्या देणगीतून उभा राहिला, त्यांच्या शब्दावर कर्जे वाटता वाटता त्या काळची एक मोठी बँक बुडाली. मी नवा अधिकारी. मला ती एक गंमतीची गोष्ट वाटली आणि मी ती विसरून गेलो. पुढे तीस-बत्तीस वर्षांनी ज्या दिवशी ती आठवायला हवी होती, त्या दिवशी नेमकी आठवली नाही. त्या दिवसाबद्दल पुढे सांगेनच. आधी शेठजींची गोष्ट.

प्रेमचंद रायचंद यांचा जन्म १८३१ सालचा, सुरतेचा. घराणे जैन, व्यापारी. पण गडगंज म्हणावे असे नव्हे. वडील मुंबईत आले आणि मुलाला त्यांनी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये घातले. त्या काळात दलालीच्या धंद्यात इंग्रजी लिहिता-वाचता येणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. टाउन हॉलसमोरच्या वडाच्या झाडांखाली दलाल जमत आणि तोंडी सौदे करीत. त्या मेळ्यात हा तरुण शिरला. साहेबाशी साहेबाच्या भाषेत बोलणारा, आकडे तोंडपाठ ठेवणारा आणि दिलेला शब्द पाळणारा. थोड्याच वर्षांत बाजारात त्याचे नाव झाले. विलायतेची आगबोट बंदराला लागण्याआधीच तिच्याकडे आपली होडी पाठवून कापसाचे भाव मिळवायचे, अशी युक्ती प्रेमचंद करीत असल्याचे सांगतात. इतरांना बातमी कळेपर्यंत यांचा सौदा आटोपलेला असे.

कापसाचा पैसा

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्या चालत त्या मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसावर. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि तो कापूस थांबला. गिरणीवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. खानदेश, वऱ्हाड, गुजरात इथला कापूस सोन्याच्या भावाने जाऊ लागला. लोकांनी घरातल्या गाद्या उसवून जुना कापूससुद्धा विकला म्हणतात. त्या चार-पाच वर्षांत मुंबईत नेहमीच्या व्यापाराहून सुमारे आठ कोटी पौंड जास्तीचे आले, असा अंदाज पुढे मांडला गेला.

हा पैसा खरा होता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. कापूस खरा, गिऱ्हाईक खरे, नफाही खरा. पुढचा सगळा अनर्थ घडला तो या खऱ्या नफ्याच्या पायावर.

एवढा पैसा ठेवायचा कुठे, हा प्रश्न उभा राहिला. मग कंपन्या निघू लागल्या. बँका, विमा कंपन्या, जहाज कंपन्या, कापूस दाबण्याच्या प्रेस कंपन्या आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या भरणी कंपन्या. १८६५ च्या आरंभी मुंबईत ३१ बँका, १६ फायनान्शियल असोसिएशन आणि ८ जमीन कंपन्या झाल्या होत्या. यातल्या कितीतरी कंपन्यांजवळ पाटीशिवाय काही नव्हते. पण कंपनी काय करते हे कुणी विचारीत नसे. कंपनीमागे प्रेमचंद आहेत का, एवढेच लोक विचारीत.

सर्वांत गाजली ती बॅक बे रेक्लमेशन कंपनी. कल्पना उत्तम होती. शहराला जागा हवी होती आणि पुढे त्याच किनाऱ्यावर भरणी होऊन मुंबई वाढलीही. या कंपनीच्या एका शेअरवर पाच हजार रुपये भरायचे होते. सरकारने स्वतःसाठी ठरवलेले ४०० शेअर घ्यायला वरिष्ठ सरकारने मनाई केली, तेव्हा १८६४ साली ते बाजारात विकले गेले आणि दर शेअरला पंचवीस हजारांहून अधिक जादा रक्कम मिळाली. समुद्रातली एक पाटी माती अजून पुरती पडली नव्हती आणि कागदाची किंमत सहापटीहून अधिक झाली होती.

प्रेमचंदांच्या दारी पहाटेपासून गर्दी लोटू लागली. नव्या कंपनीचे दोन-चार शेअर मूळ किमतीत आपल्या नावावर पडावेत, एवढीच विनवणी. ते पडले की दुसऱ्याच दिवशी जादा भावाने विकता येत. वकील, डॉक्टर, सरकारी अंमलदार, कारकून, सगळे त्या गर्दीत होते. प्रेमचंद बहुतेकांना विन्मुख पाठवीत नसत, आणि त्यांच्या उपकाराखाली नाही असे घर शोधावे लागे. ज्याचे आपल्यावर उपकार आहेत त्याच्या कागदपत्रांची चौकशी कोण करणार?

पैज लावली, नाव मात्र गुंतवणूक

या धुमाळीत एक प्रकार विशेष फोफावला. त्याला वायद्याचा सौदा म्हणत. समजा, आज एका शेअरचा भाव वीस हजार आहे. मी आपल्याशी करार करतो की अमुक तारखेला तो मी बावीस हजारांना घेईन. आज एक पैसाही द्यायचा नाही. त्या तारखेला भाव पंचवीस हजार झाला, तर वरचे तीन हजार मला मिळणार. भाव पंधरावर आला, तर सात हजार मी आपल्याला देणार. बहुतेक वेळा शेअर हलतच नसे, फक्त फरकाची रक्कम हातात पडे. शांतपणे पाहिले तर ही निव्वळ पैज. घोड्यावर लावा, नाण्यावर लावा किंवा भावावर लावा. पण हिच्यावर कंपनीचे नाव होते, छापील कागद होता आणि मध्ये प्रतिष्ठित माणसे होती. जुगाराच्या अड्ड्याची पायरी कधी न चढलेली माणसे इथे बिनदिक्कत उतरली, कारण आपण पैज लावतो आहोत असे त्यांना वाटलेच नाही. आपण गुंतवणूक करतो आहोत, असे ती माणसे घरी सांगत होती आणि मनाशीही तसेच समजत होती.

आणि इथे माझी बिरादरी आली, म्हणजे बँक. बँक ऑफ बॉम्बे १८४० साली स्थापन झाली. तिच्यात सरकारचाही हिस्सा होता, म्हणून तिचे नाव भरवशाचे. १८६३ च्या कायद्याने तिच्यावरची जुनी बंधने सैल केली आणि शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. ५२ लाखांचे भांडवल वाढवत दोन कोटींवर नेले. मग एक चक्र सुरू झाले. शेअर घ्यायचा, तो बँकेत ठेवून कर्ज काढायचे, त्या कर्जातून आणखी शेअर घ्यायचे. मागणी वाढली की भाव वाढायचा, भाव वाढला की तारणाची किंमत वाढायची, आणि तीच दाखवून पुन्हा कर्ज. भाव चढता आहे तोवर या चक्रात कुणाचेच नुकसान दिसत नाही. वहीत सगळे श्रीमंत असतात. प्रेमचंदांचा या बँकेवर मोठा प्रभाव होता. त्यांच्या शिफारशीवर पुरेसे तारण न घेता कर्जे दिली गेली, हे पुढे चौकशीत उघड झाले. तारणाच्या जागी एका माणसाचे नाव होते.

१ जुलै १८६५

१८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली आणि युद्ध संपले. बातमी मुंबईत आली. जगातल्या कुठल्याही युद्धाचा शेवट ऐकून माणसांना आनंद व्हावा, पण मुंबईचा बाजार हादरला. कापसाचा भाव कोसळला, त्यापाठोपाठ शेअर. असंख्य वायद्यांची तारीख १ जुलै होती. तो दिवस उजाडला तेव्हा घेणाऱ्यांजवळ द्यायला पैसे नव्हते. एकाने दुसऱ्याचे बुडवले म्हणून दुसऱ्याने तिसऱ्याचे बुडवले. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो पुढे ८७ रुपयांना विकावा लागला. खुद्द बँक १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. तिचे जवळजवळ सगळे भांडवल बुडाले होते. त्याच वर्षी त्याच नावाने नवी बँक काढण्यात आली आणि जुनी कशी बुडाली याची चौकशी करायला सरकारने आयोग बसवला.

शहराचे काय झाले याची साक्ष शिरगणतीत आहे. १८६४ साली मुंबईची लोकसंख्या ८ लाख १६ हजार होती. १८७२ च्या मोजणीत ती ६ लाख ४४ हजार भरली. पैशाच्या वासाने आलेली आणि पोट भरायला आलेली, दोन्ही तऱ्हेची माणसे पांगली. दिनशा वाच्छा तेव्हा तरुण होते. त्यांनी हा सगळा खेळ डोळ्यांनी पाहिला आणि पुढे १९१० साली त्यावर पुस्तक लिहिले. त्या पोळलेपणाची आठवण एवढ्या वर्षांनीही गेली नव्हती.

स्वतः प्रेमचंदही बुडाले. पण ते पळाले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. ते मुंबईतच राहिले, देणेकऱ्यांना सामोरे गेले, पुन्हा साधा दलाल म्हणून धंद्याला लागले. १८७५ मध्ये मुंबईच्या शेअर दलालांनी आपली संघटना बांधली, ती आजच्या शेअर बाजाराची जननी. तिच्या संस्थापकांत प्रेमचंदांचे नाव घेतात. भरभराटीच्या दिवसांत मुंबई विद्यापीठाला त्यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या टॉवरसाठी दोन लाख दिले होते. कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख दिले आणि त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती तिथे नामांकित ठरली. टॉवरला त्यांनी आईचे नाव दिले. त्याची कोनशिला १८६९ साली बसली आणि काम १८७८ साली पुरे झाले. म्हणजे शेठजींचे वैभव ओसरल्यावर त्यांच्या दानाची इमारत चढत होती. आई दृष्टीने अधू होती आणि सूर्यास्ताआधी जेवण्याचा जैन नेम पाळायला तिला घड्याळाच्या ठोक्यांची मदत व्हावी, अशी हकीकत सांगतात. १९०६ साली प्रेमचंद गेले, ते पुन्हा मान मिळवून.

त्यांना भामटा म्हणणे न्यायाचे होणार नाही. आणि मला वाटते, त्यांच्या गोष्टीतली धोक्याची जागा तीच आहे. भामट्यापासून आपण सावध असतो. भल्या, दानशूर, यशस्वी माणसाचे नाव पुढे आले की आपली सावधगिरी गळून पडते. हे नंतरच्या भामट्यांनी बरोबर हेरले.

ओपन-क्लोज

कापसाचा आणि पैजेचा संबंध प्रेमचंदांबरोबर संपला नाही. माझ्या लहानपणी गुलमंडीच्या आसपास टपरीवर ओपन-क्लोजची चर्चा चाले आणि त्याला मटका का म्हणतात हे मला कळत नसे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईला येत, त्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. साठीच्या दशकाच्या आरंभी ते भाव येणे थांबले, तेव्हा मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढण्याची सोय झाली. कापूस गेला, व्यापार गेला, फक्त आकडा उरला. आणि तरीही लोक लावीतच राहिले. पैजेला आधार म्हणून खऱ्या व्यापाराची गरज नसते, खऱ्यासारखे दिसणारे काही तरी पुरते.

आता तो दिवस सांगतो. २०१६ साल. मी पैठण रस्त्याकडच्या एका शाखेत होतो. आमचे एक खातेदार, त्यांना सगळे नाना म्हणत. औद्योगिक वसाहतीसाठी त्यांची जमीन गेली होती. मोबदल्याचे पैसे त्यांनी आमच्याकडे मुदत ठेवीत ठेवले होते आणि व्याजावर घर चालत होते. एके सकाळी ते ठेव मोडायला आले. बरोबर गावचाच एक तरुण होता, नात्यातला, नव्या गाडीतून आलेला. क्रिकेटच्या सामन्यांवर दोन्ही बाजूंनी असे पैसे लावायचे की हरण्याचा प्रश्नच उरत नाही, असे काही सूत्र असलेली ती योजना होती. महिन्याला दहा टक्के. नानांनी आधी एक लाख घालून पाहिले होते. तीन महिने दहा-दहा हजार वेळेवर आले होते. त्यांनी पासबुकातल्या त्या नोंदी मला कौतुकाने दाखवल्या. त्या तरुणाने देवळाच्या जीर्णोद्धारालाही मोठी वर्गणी दिली होती, हेही सांगितले.

मी काय केले? ठेवी कमी झाल्या तर वरून विचारणा होईल, ही काळजी आधी मनात आली. मग मुदतीपूर्वी मोडल्यास व्याज किती कापले जाईल ते सांगितले, फॉर्म भरून घेतला आणि सही केली. पैसे त्यांचे, निर्णय त्यांचा, नियमाप्रमाणे सगळे बरोबर. त्या तीस हजारांत योजनेची एक दमडीही कमाई नव्हती, नानांच्याच लाखातले त्यांना परत दिले जात होते, हे मला कळायला हवे होते. ते कळण्यासाठीच तर बँक मला पगार देत होती. दहा मिनिटे बसवून कागदावर एक हिशेब मांडला असता तरी पुरले असते. महिन्याला दहा टक्के चक्रवाढीने एका लाखाचे वर्षात तीन लाख चौदा हजार होतात आणि पाच वर्षांत तीन कोटी चार लाख. ज्याच्या हाती असे सूत्र आहे, त्याला नानांच्या पैशांची गरज काय? स्वतःच्या एका लाखावर तो पाच वर्षांत कोट्यधीश झाला असता.

आठ-नऊ महिन्यांत हप्ते थांबले. आधी सामने नाहीत म्हणून, मग खाते गोठले म्हणून, मग पैसे सोडवायला आणखी थोडे भरावे लागतील म्हणून. नानांनी सुनेचे दागिने गहाण ठेवून तेही भरले. बुडालेला माणूस शेवटचे पैसे लोभापायी भरीत नाही, आपण फसलो हे घरच्यांना सांगावे लागू नये म्हणून भरतो. तो तरुणही पुरता बुडाला होता, कारण वरच्याच्या शब्दावर त्याने आपले आणि सासरचे घातले होते. म्हणजे भामटा कुणाला म्हणावे हे गावात कुणाला कळेना. नानांनी पोलिसांत तक्रारही दिली नाही. जुगारात पैसे लावले हे लिहून द्यायची त्यांना लाज वाटली. अशा योजना पैजेचा मार्ग का निवडतात, याचे एक उत्तर इथे आहे. फसलेल्याला आपणच गुन्हेगार वाटू लागतो आणि तो तोंड उघडत नाही.

पुढे २०२२ साली आपल्याच जिल्ह्यात तीस-तीस नावाचे प्रकरण गाजले. तिथेही जमिनीच्या मोबदल्याचेच पैसे, जबर व्याजाचे आमिष आणि ओळखीच्या माणसांची साखळी. वर्तमानपत्रात ते वाचताना मला नाना दिसत होते. आता तर गाडीतून कुणी यावे लागत नाही. मोबाइलवरच्या एखाद्या गटात अनोळखी लोक आपापल्या नफ्याची चित्रे टाकतात, पहिले दोन-पाच हजार खरोखर खात्यात येतात आणि नंतर मोठी रक्कम गेली की गट नाहीसा होतो. रीत तीच, फक्त होडीऐवजी फोन.

कायदे झाले आहेत. ठेवीदारांच्या संरक्षणाचा आपल्या राज्याचा कायदा १९९९ चा आहे, अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ चा, आणि पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये केला. ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितका लवकर कराल तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. पण कायदा येतो तो बहुधा पैसे गेल्यावर. त्याआधी येतो तो घरचा माणूस, शेजारी किंवा काउंटरच्या पलीकडे बसलेला माझ्यासारखा कुणी.

नाना आता वाळूजच्या एका कंपनीत रखवालदार आहेत. मध्यंतरी एका लग्नात भेटले. मला पाहून त्यांनीच आधी नमस्कार केला, बसायला खुर्ची ओढून दिली. त्यांच्या मनात माझ्याबद्दल काही नव्हते, कारण मी सही करण्यापलीकडे काही करायला हवे होते असे त्यांना कधी वाटलेच नाही. ते मलाच वाटते.

म्हणून हल्ली माझ्याकडे कुणी अशी एखादी योजना घेऊन आले, पहिला हप्ता आला म्हणून खुशीत सांगू लागले, की मी उपदेश करीत नाही. चहा ठेवायला सांगतो, कागद घेऊन दहा टक्क्यांचा तो हिशेब मांडतो आणि मग प्रेमचंद शेठजींची गोष्ट सांगतो. गोष्ट संपायला चहापेक्षा जरा जास्त वेळ लागतो. कुणाला घाई असली तरी मी त्याला उठू देत नाही.